घड्याळाची टिकटिक आणि रोल्स-रॉइस

रात्री वीज गेली की उकाड्याच्या आधी मला भिंतीवरचं घड्याळ जागं करतं. पंखा थांबतो, फ्रिजची घरघर बंद होते आणि इतका वेळ नसलेली टिकटिक एकदम खोलीभर होते. खरं तर ती दिवसभर तेवढीच असते. पंख्याच्या गोंगाटात तिचं कुणी ऐकत नाही, एवढंच. ध्वनिशास्त्रात याला मास्किंग म्हणतात. कानातल्या शंखाकृती नळीतल्या पडद्यावर मोठ्या आवाजाने धिंगाणा घातलेला असला, की त्याच्या आसपासच्या वारंवारतेच्या बारीक आवाजाला तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही.

मोटारींच्या जगातली एक प्रसिद्ध जाहिरात अशाच टिकटिकीवर उभी आहे. १९५८ साली डेव्हिड ओगिल्वी यांनी अमेरिकेत लिहिलेल्या त्या जाहिरातीचा मथळा असा, की ताशी साठ मैलांच्या वेगाने जाताना या नव्या रोल्स-रॉइसमध्ये सगळ्यांत मोठा आवाज येतो तो विजेच्या घड्याळाचा. (याच कल्पनेचा मथळा पिअर्स-अ‍ॅरो या अमेरिकी गाडीने पंचवीस वर्षं आधीच छापला होता, पण नाव झालं ते रोल्सचं.) मथळा वाचून कंपनीतला एक इंजिनिअर म्हणे मान हलवत म्हणाला, ‘त्या घड्याळाचं काहीतरी करायला हवं.’ किस्सा खरा असो वा रचलेला, या कंपनीचं सगळं काम त्या एका वाक्यात आलं. एक आवाज मारला की त्याच्या मागे उभा असलेला ऐकू येतो, मग त्याच्या मागे लागायचं. रोल्स-रॉइसच्या नावलौकिकात चामडं, लाकूड, राजेरजवाडे सगळं आहे, पण त्याचा पाया म्हणजे ही न संपणारी रांग.

हा अनुभव मला स्वस्तातही मिळाला आहे. माझ्या जुन्या गाडीचा सायलेन्सर फुटला होता. गॅरेजमधून नवा बसवून आणला आणि घरी येईपर्यंत डॅशबोर्डची खडखड सुरू. परत गेलो, तर मिस्त्री म्हणाला, ‘काका, ही आधीपासनंच होती. आता ऐकू यायला लागली.’ डॅशबोर्डखाली कापूस कोंबला, तर मागच्या दाराची काच वाजायला लागली. तिथे मी हात टेकले.

हेन्री रॉइसने मात्र हात टेकले नाहीत. हा माणूस १८६३ चा, एका बुडालेल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. वडील लवकर गेले. पोरवयात त्याने वर्तमानपत्रं विकली, तारा पोचवल्या, काही वर्षं रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी केली. १८८४ मध्ये मँचेस्टरला त्याने विजेच्या वस्तूंचा छोटा कारखाना काढला. आधी घंटा, मग डायनॅमो, मग विजेवर चालणाऱ्या क्रेन. पुढे त्याने देकोव्हिल नावाची एक वापरलेली फ्रेंच मोटार घेतली. ती वाईट नव्हती, पण रॉइसला ती पाहवेना. त्याने ती उघडली आणि तसलीच, पण नीट केलेली गाडी बनवायला घेतली. नवा शोध कुठलाच नव्हता. तोच सांगाडा, तेच दोन सिलिंडर, फक्त प्रत्येक भाग जास्त काटेकोर घासलेला, जास्त नेमका बसवलेला. १ एप्रिल १९०४ रोजी ती गाडी रस्त्यावर आली.

चार्ल्स रोल्स त्याच्या अगदी उलट. लॉर्डाचा मुलगा, केंब्रिजचा पदवीधर, लंडनमध्ये परदेशी गाड्या विकणारा आणि विमानांचा वेडा. दोन सिलिंडरची गाडी म्हणजे खुळखुळा, हे त्याचं ठाम मत. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात दोघांची भेट झाली, रोल्स त्या गाडीतून फिरून आला आणि मत मागे घेतलं. रॉइसने बनवायच्या, रोल्सने विकायच्या, असा करार झाला. पुढे सहाच वर्षांनी, जुलै १९१० मध्ये, बोर्नमथला विमान कोसळून रोल्स गेला. म्हणजे नावात पहिला असलेला माणूस या कथेत फार थोडा वेळ आहे.

१९०६ मध्ये ४०/५० हॉर्सपॉवरचं नवं मॉडेल आलं. सहा सिलिंडर एका रांगेत, सात लिटरचं इंजिन. इथे जरा थांबू, कारण पुढची सगळी कीर्ती या इंजिनाच्या पोटातून निघाली आहे.

सिलिंडरमधला पिस्टन, म्हणजे दट्ट्या, वर-खाली होतो तेव्हा तो गाडीलाही वर-खाली हिसके देतो. चार सिलिंडरमध्ये दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येतात आणि हिशेब मिटायला हवा. पण पूर्ण मिटत नाही. पिस्टनचं वर-खाली होणं फिरण्यात बदलतो तो क्रँकशाफ्ट, आणि त्याचं एकेक वाकण म्हणजे क्रँक. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा दांडा तिरका होत असतो, त्यामुळे क्रँकच्या वरच्या अर्ध्या फेरीत पिस्टन जास्त अंतर कापतो आणि खालच्या अर्ध्या फेरीत कमी. वर जाणारे आणि खाली येणारे एकमेकांना बरोबर फेडत नाहीत. उरलेली बाकी इंजिनाच्या दुप्पट गतीने थरथरते, आणि साध्या गाडीच्या स्टिअरिंगवर हाताला लागते ती बहुतेक हीच. सहा सिलिंडरमध्ये क्रँक १२० अंशांवर, जोड्या-जोड्यांनी बसवलेले असतात. तिथे हा उरलेला हिशेबही शून्य होतो. शिवाय इंधनाचा भडका अर्ध्या फेरीऐवजी तिसऱ्या हिश्श्याच्या फेरीला उडतो. ऐरणीवर दोघांऐवजी तिघे लोहार पाळीपाळीने घण घालू लागले की मधली पोकळी कमी होते, तसं.

मग सगळ्यांनीच सहा सिलिंडर का नाही घातले? घातले होते, आणि क्रँकशाफ्ट मोडत होते. सहा सिलिंडरचा क्रँकशाफ्ट लांब असतो. प्रत्येक भडक्याबरोबर तो, ओलं लुगडं पिळावं तसा, किंचित पिळला जातो आणि परत सुटतो. एका ठरावीक वेगाला भडक्यांचा ठेका आणि शाफ्टच्या पिळण्याचा ठेका जुळतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावं तसं ते पिळणं वाढत जातं आणि पोलाद चिरतं. रॉइसच्या आधीच्या ३० हॉर्सपॉवरच्या गाडीलाही या रोगाने छळलं होतं. नव्या इंजिनात त्याने सिलिंडरचे तीन-तीनचे दोन गट केले, क्रँकशाफ्ट जाडजूड केला आणि सात ठिकाणी बेअरिंगवर तोलून धरला. जाड शाफ्टचा पिळण्याचा ठेका इतका वर गेला, की नेहमीच्या वेगात भडक्यांशी त्याची गाठच पडेना. पुढे शाफ्टच्या टोकाला घर्षणावर धरलेलं एक छोटं चाकही आलं. शाफ्ट एकसारखा फिरतो तोवर ते सोबत फिरतं. शाफ्ट थरथरला की जडत्वामुळे ते जरासं मागे घसरतं आणि थरथरीची उष्णता करून टाकतं. अशा चाकाचा विचार त्याच सुमारास फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरनेही केला होता. श्रेय कुणाचं यावर इंजिनिअर मंडळी अजून भांडू शकतात.

हे सगळं क्रँककेसच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या पेटीच्या, आत, गिऱ्हाइकाला न दिसणारं. ते दिसायला लावलं कंपनीचा व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन याने. रोल्स आणि रॉइस यांच्या मधली आडवी रेघ म्हणजे जॉन्सन, असं त्याला म्हणत. १९०७ मध्ये त्याने एका गाडीला चंदेरी रंग दिला, वरचे भाग चांदीच्या मुलाम्याने मढवले आणि नाव दिलं ‘सिल्व्हर घोस्ट’. चाहूल न देता येतं ते भूत! मग रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ती लंडन आणि ग्लासगोच्या दरम्यान पळवत ठेवली. ६२९ मैलांवर गाडी थांबली. कारण काय, तर रस्त्याच्या हादऱ्यांनी पेट्रोलचा नळ आपोआप बंद झाला. नळ उघडला, गाडी निघाली आणि त्यानंतर १४,३७१ मैल बिघाडासाठी एकदाही थांबली नाही. पंधरा हजार मैल भरल्यावर ती खोलून पाहिली. नव्यासारखी करायला लागणाऱ्या सुट्या भागांची किंमत दोन पौंडांच्या जरा वर निघाली. ज्या काळात शंभर मैल धड जाणं म्हणजे नशीब समजत, त्या काळातली ही गोष्ट. ‘जगातली सर्वोत्तम मोटार’ ही बिरुदावली कंपनीने स्वतःच मिरवली, पण निदान पावती दाखवून मिरवली.

दुसरी पावती आपल्याकडची आहे आणि मला ती जास्त आवडते. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची एक सिल्व्हर घोस्ट मुंबईला आली आणि १९०८ मध्ये मुंबई–कोल्हापूर चाचणीत उतरली. सुमारे ६२० मैल, वाटेत सह्याद्रीचे सहा घाट, आणि गाडीने कुठे दगा दिला नाही. बोरघाट, कात्रज, खंबाटकी ही नावं ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांनी तिथला आजचा रस्ता मनातून पुसावा आणि धुळीची बैलगाडीवाट डोळ्यांपुढे आणावी. ती गाडी नंतर ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. इतर संस्थानिकांनीही मग रांग लावली.

त्या संस्थानिकांवरून एक गोष्ट आपल्या फोनवर महिन्याआड येते. लंडनच्या दुकानात अपमान झाला म्हणून महाराजांनी रोल्स-रॉइस घेतल्या आणि त्यांना कचरा उचलायला जुंपलं. महाराज कधी अलवारचे असतात, कधी पतियाळाचे, कधी भरतपूरचे, तर कधी निजामच असतात. ज्या गोष्टीत फक्त नायकाचं नाव बदलतं, ती इतिहासापेक्षा लोककथेच्या जवळची. पण लोककथेलाही पात्र निवडावं लागतं. अपमान वसूल करायला दुसरी कुठली मोटार तिने घेतली नाही, यातच काय ते आलं.

बॉनेटवरची पंख पसरलेली बाई १९११ ची, चार्ल्स साइक्स या शिल्पकाराची. तिच्यामागे एलेनॉर थॉर्नटनचा चेहरा आहे असं मानतात. ती जॉन मॉन्टेग्यू या मोटारवेड्या उमरावाची सेक्रेटरी. ३० डिसेंबर १९१५ रोजी हे दोघे ‘पर्शिया’ बोटीने हिंदुस्थानकडे येत असताना क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने ती बुडवली. मॉन्टेग्यू वाचला, एलेनॉर गेली. बोट मुंबईला यायची होती.

मालकीची कहाणी थोडक्यात आटोपतो, कारण ती वकिलांची आहे. विमानाच्या आरबी-२११ इंजिनाच्या खर्चाने कंपनी १९७१ मध्ये बुडाली, सरकारजमा झाली, आणि मोटारींचा धंदा नंतर वेगळा निघाला. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने तो ४३ कोटी पौंडांना घेतला. क्रू या इंग्लंडमधल्या गावचा कारखाना मिळाला, पुढची जाळी आणि ती पंखवाली बाईही मिळाली, पण ‘रोल्स-रॉइस’ हे नाव विमानइंजिनवाल्या कंपनीकडे होतं. तिने ते ४ कोटींत बीएमडब्ल्यूला वापरायला दिलं. घर एकाचं आणि दारावरची पाटी दुसऱ्याची! शेवटी तडजोड होऊन २००३ पासून बीएमडब्ल्यू इंग्लंडमध्येच गुडवुडला नव्या कारखान्यात या गाड्या बनवते.

रांग मात्र तीच पुढे चालू आहे. इंजिन गप्प झाल्यावर पाळी आली टायरची. टायरच्या आतली हवा म्हणजे वाटोळी नळीच. साध्या गाडीत तिचा मधला घेर साधारण पावणेदोन मीटर असतो. हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. भागाकार केला की येतात दोनशेच्या आसपास हर्ट्झ. पेटीवरची पांढरी पाच इथेच कुठेतरी वाजते. खड्ड्याचा टोला बसला की टायर हा सूर धरतो आणि तो चाकाच्या आसातून थेट सीटपर्यंत येतो. कंपनीच्या २०१७ च्या फँटम या मॉडेलमध्ये टायरच्या आत फोमचा थर चिकटवून हा आवाज ९ डेसिबलने उतरवला. म्हणजे ऊर्जा आठव्या हिश्श्यावर आली, पण कानाला वाटतं जेमतेम निम्मं झालं. कानाचा हिशेब असा कंजूष असतो. पत्र्याचंही तेच. आवाज अडवणाऱ्या भिंतीचं वजन दुप्पट केलं, तरी फार तर सहा डेसिबल पदरात पडतात. म्हणून त्या फँटममध्ये आवाज शोषणारं सामानच १३० किलो आहे. दोन प्रवासी कायम सोबत, आणि दोघेही गप्प!

२०२० च्या घोस्टमध्ये तर गंमतच झाली. एसीच्या हवेचा आवाज खटकला म्हणून तिच्या नळ्या आतून घासून गुळगुळीत केल्या. डिकीची पोकळी वेगात असताना खर्जात घुमत होती. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर बाटली घुमते, तसंच काहीसं. तिला वाट काढून देऊन ती शांत केली. एवढं केल्यावर आत बसणाऱ्यांना गरगरायला लागलं. डोळ्यांना वेग दिसतोय आणि कानांना काहीच कळत नाही, हे मेंदूला मानवलं नाही. शेवटी सीटपासून प्रत्येक भागाचं कंपन एकाच सुराशी जुळवून घेतलं आणि कुजबुजीएवढा एक सूर मुद्दाम राहू दिला. तंबोरा लावून ठेवावा तसा.

आता तर कंपनीच्या एका गाडीत इंजिनच उरलेलं नाही. १९०० साली, रॉइसची भेट व्हायच्याही आधी, रोल्स म्हणाला होता की विजेची मोटार आवाज, वास, थरथर काहीही करत नाही. चार्जिंगची सोय झाली तर ती फार उपयोगी ठरेल. कंपनीची पहिली विजेवरची गाडी, स्पेक्टर, २०२३ मध्ये गिऱ्हाइकांच्या हाती पडली. स्पेक्टर म्हणजेही भूतच. आणि आता भुताला पाऊल वाजवावं लागतं. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीला ताशी वीस किलोमीटरपर्यंत स्पीकरमधून आवाज करत जाणं सक्तीचं आहे, नाहीतर रस्ता ओलांडणाऱ्या अंध माणसाला ती आल्याचं कळणार नाही. त्या नियमातून रोल्स-रॉइसही सुटलेली नाही.