ओपन रीड की क्लोज्ड रीड? कायोटीसाठी पहिला कॉल घेताना

अमेरिकेत शिकारीच्या सामानाच्या दुकानात कायोटीचे (म्हणजे कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्याला बोलावायचे, फुंकून वाजवायचे) कॉल मांडलेले पाहिले तर सगळे एकाच साच्यातले वाटतात. बोटभर लांबीची नळी, गळ्यात अडकवायला दोरी, पाकिटावर सशाचं चित्र. कामही एकच: संकटात सापडलेल्या सशासारखं ओरडायचं, म्हणजे आयतं खाणं आहे असं समजून कायोटी जवळ येतो. मग नवखा माणूस किंमत बघून एक उचलतो आणि घरी जाऊन वैतागतो, कारण या कॉलमध्ये दोन अगदी वेगळे प्रकार असतात: ओपन रीड आणि क्लोज्ड रीड.

(भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्या कोल्ह्याला असं बोलावून मारता येत नाही. हे टेक्सास-ॲरिझोनाकडे स्थायिक झालेल्या आणि तिथला परवाना काढलेल्या मंडळींसाठी.)

ओळखायला तोंडाकडचा भाग बघावा. रीड म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी पत्ती. क्लोज्ड रीडची पत्ती नळीच्या आत असते, बाहेरून दिसत नाही. ओपन रीडमध्ये नळीतून एक खाचेची पट्टी बाहेर आलेली असते आणि तिच्यावर मायलार या प्लास्टिकची पातळ पत्ती उघडी असते. पहिल्यात ओठ नळीला लागतात, दुसऱ्यात थेट पत्तीला. पेटी आणि सनईत जो फरक, तोच इथे. पेटीचा सूर कारागिराने लावून दिलेला असतो, भाता चालवला की वाजतो. सनईत तो वाजवणाऱ्याला ओठांनी धरावा लागतो.

म्हणून क्लोज्ड रीड पहिल्या दिवसापासून वाजतो. हळू फुंकलं तर केविलवाणा, जोरात फुंकलं तर कर्कश. सुराची उंची मात्र जवळपास तीच. कॉटनटेल या लहान सशाचा कॉल घेतला तर त्यातून थोराड जॅकरॅबिट सशाचा आवाज निघत नाही, त्यासाठी दुसरा कॉल घ्यावा लागतो. नळीच्या टोकाशी ओंजळ धरून उघडझाप केली की आवाजात थोडा जीव येतो, बस्स.

ओपन रीडवर सगळी करामत ओठ कुठे दाबता यात आहे. पत्तीच्या टोकापाशी दाबलं तर तिचा थोडासाच भाग थरथरतो आणि उंदराच्या चीत्कारासारखा बारीक आवाज निघतो. जरा मागे सरकलं की कॉटनटेल, मध्यावर जॅकरॅबिट. आणखी मागे, पत्ती बरीचशी तोंडात घेऊन दाबलं की आवाज जाड होतो, आणि तिथूनच कायोटीची कोल्हेकुई निघते. दाब जास्त झाला तर पत्ती गप्प बसते, कमी झाला तर नुसता भोंगा वाजतो. रियाज सोपा आहे: श्वास पोटातून सोडायचा, गाल फुगवायचे नाहीत आणि एकाच श्वासात ओठ टोकापासून मागे, मागून टोकाकडे सरकवत राहायचं. घरच्यांचा संयम सुटण्याआधी गाडीत किंवा गराजमध्ये जाऊन बसावं.

आवाज जमला तरी चाल वेगळी शिकावी लागते, आणि ती दोन्ही कॉलना सारखीच. घाबरलेला ससा एका सुरात ओरडत नाही. तुटक, चढत जाऊन अचानक पडणारे हुंदके, मध्ये धाप. सुरुवात हळू करावी, कारण कायोटी शेजारच्या झुडपातही असू शकतो. अर्धा मिनिट वाजवायचं, मग एक-दोन मिनिटं अजिबात हालचाल नाही. एका जागी पंधरा-वीस मिनिटं बसावं. तो बहुतेकदा वळसा घालून वारा जिकडे वाहतो त्या अंगाने वास घेत येतो, तेव्हा त्या बाजूची मोकळी जागा नजरेत हवी. आणि पाठ रुंद खोडाला टेकलेली हवी, कारण सशाचा आवाज ऐकून दुसरा शिकारीही बंदूक रोखू शकतो. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमाभागात १९९८ पासून पुन्हा सोडलेले मेक्सिकन लांडगे आहेत. ते संरक्षित आहेत आणि लांबून सहज कायोटी वाटतात. खात्री पटेपर्यंत चापावर बोट नको.

थंडीत मात्र या दोन कॉलचं पारडं उलटतं. वायोमिंगच्या जानेवारीत क्लोज्ड रीडच्या आत श्वासाची वाफ साचून गोठते, पत्ती चिकटते आणि कॉल मुका होतो. तो उघडून साफ करणं हातमोज्यांत जमत नाही, म्हणून जाकिटाच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावा लागतो. ओपन रीडची पत्ती अंगठ्याने पुसली की पुन्हा चालू.

टाळूला चिकटवायचा डायफ्राम कॉल हा तिसरा प्रकार. हात मोकळे राहतात, पण सुरुवातीला अनेकांना उमासे येतात. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मग पहिला कोणता? दुकानदार डोळे मिटून क्लोज्ड रीड हातात देतो. मला ते अर्धवट पटतं. येत्या शनिवारीच निघायचं असेल तर तोच घ्या. हाताशी महिना-दोन महिने असतील तर सरळ ओपन रीड घ्यावा, एकाच नळीत सगळे आवाज मिळतात. शरद ऋतूत आईबापांपासून नुकती सुटलेली कायोटीची पोरं सशाच्या साध्या आवाजालाही धावत येतात, तोवर क्लोज्ड रीडवर भागतं. जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या जमतात आणि हद्दीचा प्रश्न येतो. तेव्हा सशापेक्षा परक्या कायोटीची कोल्हेकुई जास्त चालते, आणि ती क्लोज्ड रीडच्या सशाच्या कॉलमधून निघत नाही.