कळंबोली ते किवळे, पाट्या वाचत वाचत

गाडी दुसरं कोणी चालवत असलं की माझं सगळं लक्ष पाट्यांकडे असतं, घरचे वैतागतात, पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर पावसाळा सोडला तर बघायला दुसरं आहे तरी काय. ९४.५ किलोमीटर, सहा लेन, २००० मध्ये काही तुकडे सुरू झाले आणि २००२ पर्यंत पूर्ण रस्ता. पण पाट्या नीट वाचत गेलं की लक्षात येतं, रस्ता २००२ चा असला तरी पाट्यांची भाषा, आकार, नियम हे सगळं एका काळातलं नाहीये. काही गोष्टी तर बैलगाडीच्या जमान्यातून आल्यात.

शब्दांचंच बघा ना. पाटीवर असतं द्रुतगती मार्ग, आपण म्हणतो एक्सप्रेसवे किंवा नुसतं एक्सप्रेस. सरकारी कागदावर पथकर नाका, आपण टोलनाका. २००९ मध्ये रस्त्याला यशवंतराव चव्हाणांचं नाव दिलं, ते पाटीवर आहे, पण "यशवंतराव चव्हाण मार्गाने आलो" असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरची ती आपली जुनी पाटी, "वाहने सावकाश हाका". हाका! अरे हाकायला काय बैल जुंपलेत का बोनेटला? पण मला हा शब्द जाम आवडतो, कारण तो ज्याने कोणी पहिल्यांदा लिहिला त्याच्या डोळ्यासमोर कासरा हातात धरलेला माणूस होता, आणि नंतर एसटी आली, ट्रक आले, सहा लेन आल्या तरी शब्द काही हलला नाही.

आता पाटी कशी असावी हे ठरवतं कोण? गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावध, चौकोन म्हणजे माहिती, ही मूळची युरोपातली पद्धत. आपल्याकडे त्याचं पुस्तक काढते इंडियन रोड्स काँग्रेस, आयआरसी. आयआरसी ६७ हा पाट्यांचा कोड पहिल्यांदा १९७७ ला निघाला आणि २०१२, २०२२ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या आल्या. पण या आयआरसीचं मूळ जातं १९२७ च्या जयकर समितीकडे. मुकुंद रामराव जयकर, तेच जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, ज्यांच्या नावाच्या लायब्ररीत आपल्यातल्या कित्येकांनी अभ्यासाच्या नावाखाली झोपा काढल्या. मोटारी वाढल्या, रस्त्यांना पैसा नाही, काय करायचं, हा समितीपुढचा प्रश्न. त्यांनी सुचवलं की पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा, त्यातून १९२९ ला सेंट्रल रोड फंड झाला, आणि देशभरातल्या रस्तेवाल्यांनी एकत्र बसून बोलावं यातून १९३४ ला रोड्स काँग्रेस. म्हणजे जो रस्ता वापरतो त्यानेच पैसे द्यावेत हा विचार आणि पाटी सगळीकडे सारखी असावी हा विचार, दोन्ही एकाच घरातले निघाले. खालापूरच्या टोलनाक्याच्या लाइनीत उभं असताना हे आठवलं तर चिडचिड कमी होते असं नाही, पण टाइमपास होतो.

दुसरा धागा नागपूरचा. १९४३ ला तिथे सगळ्या प्रांतांचे चीफ इंजिनियर जमले आणि रस्त्यांची उतरंड लावली, राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग, गावचे रस्ते. मैलाच्या दगडाला वरून पिवळा रंग म्हणजे नॅशनल हायवे, हिरवा म्हणजे स्टेट, केशरी म्हणजे गावाकडचा रस्ता, हे आपण लहानपणी खिडकीतून बघत शिकलो ते याच उतरंडीवर उभं आहे. एक्सप्रेसवे मात्र त्या यादीत नव्हताच, १९४३ ला कोणाच्या डोक्यात असणार तो. जुना हायवे होता एनएच ४, २०१० मध्ये सगळ्या देशाचे नंबर बदलले तेव्हा तो ४८ झाला, पण कळंबोलीला कोणालाही विचारा, चारच सांगणार.

खोपोलीजवळ जुन्या हायवेला एका वर्कशॉपबाहेर एकदा उतरवून ठेवलेली मोठी पाटी बघायला मिळाली. लांबून नुसता रंग दिसतो पण हात लावला की कळतं, ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर चिकटवलेली फिल्म, आणि फिल्ममध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून बघितलं तर सगळी पाटी एकदम पेटली, तोच टॉर्च हात लांब करून बाजूला नेला की विझली. कारण ती फिल्म प्रकाश जिथून आला तिकडेच परत पाठवते, म्हणून रात्री हेडलाइट तुमचा आणि वाचताही तुम्हालाच येतं. अक्षरं माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत उंच होती, जी रस्त्यावरून जाताना वीतभर वाटतात. १००च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते, म्हणजे शिंक आली तरी पाटी गेली.

आणि इथे देवनागरीची खरी पंचाईत आहे. इंग्रजी अक्षराला रुंदी लागते, आपल्याला उंची. "पुणे" बघा, दोनच अक्षरं पण खाली उकार, वर मात्रा. "मुंबई"ला खाली उकार, वर अनुस्वार आणि रफारासारखा तुरा. इंग्रजीच्या मापाने पट्टा आखला की आपली अक्षरं एकतर दबतात नाहीतर उकार खालच्या ओळीत घुसतो. माझ्या मते चांगली पाटी ओळखायची असेल तर तीर बघू नका, पुण्याचा उकार बघा. आणि लोणावळ्याचा ळ, तो ल झाला असेल तर मजकूर कुठेतरी इंग्रजीतून परत मराठीत आलाय समजायचं.

घाटातल्या पाट्या वेगळ्याच. उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, ही सूचना परदेशी कोडमधून आलेली नाही, ती बोरघाटाने शिकवलीय. डिझेल वाचवायला ट्रकवाले उतारावर न्यूट्रल मारतात, मग इंजिनची ओढ राहत नाही, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापून लागेनासे होतात आणि पुढचं आपण पेपरात वाचतो. या घाटातून गाडीरस्ता काढला तो १८३० ला, गव्हर्नर माल्कमच्या काळात, तेव्हापासून चढ-उताराचं हे दुखणं आहेच. टू-व्हीलर, रिक्षा, ट्रॅक्टर यांना बंदीची पाटी मात्र पहिल्यापासून, तरी दर पावसाळ्यात एखादा बाइकवाला मॅपच्या भरवशावर आत आलेला दिसतोच.

स्पीडची गोल पाटी बरीच वर्षं ८० ची होती, मग कारसाठी १०० झाली आणि घाटात ६०. ती तेव्हा कोणी वाचत होतं असं मला वाटत नाही, २०२४ पासून कॅमेरे लागले, दोन कमानींमधलं अंतर किती वेळात कापलं त्यावरून सरासरी काढून चलान यायला लागलं, आणि अचानक सगळ्यांना पाट्या दिसायला लागल्या. टोलच्या दराचा बोर्ड मात्र लोक पहिल्यापासून पाठ करतात, दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ व्हायची, कारला २७० चे ३२० झाले एप्रिल २०२३ ला.

सगळ्यात भारी किस्सा खंडाळ्याचा. घाटात एक ब्रिटिशकालीन दगडी पूल होता, त्यावर कधीकाळी अमृतांजन बामची जाहिरात लागली, आणि पुलाचं नाव पडलं अमृतांजन पूल. सरकारने ठेवलं नाही, कुठला ठराव नाही, नुसता जाहिरातीचा बोर्ड. पुलाचे खांब एक्सप्रेसवेच्या मधे यायचे, रस्ता आवळायचा, म्हणून एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे रस्ता रिकामा होता तेव्हा सुरुंग लावून तो पाडला. बोर्ड गेला, पूल गेला. पण आजही शुक्रवारी संध्याकाळी मित्राचा फोन येतो तो असाच, "अरे अमृतांजनला पॅक आहे, पुणे लेन हलतच नाहीये, निघाला नसशील तर थांब तासभर."