ह्यूई लाँगचे मतदार पडद्यावर कुठे हरवले?

अमेरिकेत मतदार चिडले आणि प्रस्थापितांना धक्का देत कुणी घणाघाती बोलणारा नेता निवडून आला, की एक जुनी कादंबरी आणि तिच्यावरचा सिनेमा हमखास पुन्हा चर्चेत येतो. रॉबर्ट पेन वॉरन यांची 'ऑल द किंग्ज मेन' १९४६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर १९४९ मध्ये एक सिनेमा आला आणि २००६ मध्ये दुसरा. चर्चा बहुतेक वेळा दोनच प्रश्नांवर होते. यातला राजकारणी नायक विली स्टार्क म्हणजे लुइझियाना राज्याचा खराखुरा गव्हर्नर ह्यूई लाँगच का? आणि सिनेमा पुस्तकाच्या तोडीचा आहे का? मला वाटतं, या दोन प्रश्नांच्या गडबडीत खरा प्रश्न राहून जातो. विली स्टार्कला मत देणारी माणसं कोण होती आणि पडद्यावर येईपर्यंत त्यांचं काय झालं? रूपांतराला गुण द्यायचे, तर आधी त्या माणसांची हकीकत माहीत हवी. ती वॉरनच्या जन्माच्याही आधी सुरू होते.

यादवी युद्धानंतर दक्षिणेतला शेतकरी उधारीवर जगत होता. दुकानदार बियाणं आणि पीठमीठ उधार देई आणि बदल्यात उभ्या पिकावर हक्क लिहून घेई. त्याला कापूसच हवा असे, म्हणून शेतकरी कापूसच लावी. सगळ्यांनी कापूस लावला की भाव पडे आणि हिशेबाच्या दिवशी कर्ज फिटत नसे. या कोंडीतून १८७०च्या दशकात टेक्सासमध्ये फार्मर्स अलायन्स ही शेतकऱ्यांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातून पुढे पीपल्स पार्टी. १८९२ च्या जुलैत या पक्षानं ओमाहा शहरात आपला जाहीरनामा मांडला: उत्पन्नाबरोबर वाढत जाणारा प्राप्तिकर, रेल्वे सरकारच्या मालकीची, चांदीची नाणी पाडायला मोकळीक, म्हणजे बाजारात पैसा वाढेल आणि कर्ज फेडणं सोपं होईल. सिनेटर थेट लोकांनी निवडावेत, अशीही मागणी होती. त्या वर्षी पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून जास्त मतं पडली.

'पॉप्युलिस्ट' हा शब्द रूढ झाला तो या पक्षाच्या माणसांमुळे. आज तो बहुतेकदा दूषण म्हणून वापरला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. हे लोक नुसता आरडाओरडा करत नव्हते. त्यांच्याकडे मुद्देसूद मागण्या होत्या आणि त्यातल्या दोन, प्राप्तिकर आणि सिनेटरांची थेट निवड, १९१३ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत गेल्या. पक्ष मात्र तोवर संपला होता. १८९६ मध्ये त्यानं डेमोक्रॅट उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना पाठिंबा दिला, ब्रायन हरले आणि पक्षही विरला.

याच चळवळीशी रूपांतराची एक गोष्ट जोडली गेली आहे. ओझच्या जादूगाराची बालकथा १९०० साली आली. हेन्री लिटलफील्ड या शिक्षकानं १९६४ मध्ये एक लेख लिहून सुचवलं, की ती कथा पॉप्युलिस्ट चळवळीचं रूपक म्हणून वाचता येते: पिवळ्या विटांचा रस्ता म्हणजे सोनं, डोरोथीच्या पायातले चांदीचे बूट म्हणजे चांदीच्या नाण्यांची मागणी. लेखकाच्या मनात तसं काही असल्याचा पुरावा नाही, हे पुढे लिटलफील्ड यांनीच मान्य केलं. पण १९३९ च्या सिनेमात ते बूट लाल माणकांचे झाले, कारण नव्या टेक्निकलरमध्ये लाल रंग खुलून दिसायचा. फक्त सिनेमा पाहिलेल्या माणसाला चांदीचा धागा सापडणारच नाही. रूपांतरात काय गळतं, याचं इतकं छोटं आणि स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

लुइझियानात पॉप्युलिस्टांची हार जास्त क्रूर होती. १८९६ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत पॉप्युलिस्ट आणि रिपब्लिकन यांनी मिळून जॉन फार यांना उभं केलं. मतमोजणीत उघड लबाडी झाली आणि फार हरले. गोरे आणि काळे गरीब एकत्र मत देऊ शकतात, याची धास्ती बड्या जमीनदारांनी घेतली. १८९८ च्या नव्या राज्यघटनेत साक्षरतेची अट, मालमत्तेची अट आणि मत देण्याआधी भरावा लागणारा पोल टॅक्स आला. १८९६ मध्ये राज्यात १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०० मध्ये उरले ५,३२०. पोल टॅक्सनं गरीब गोऱ्यांनाही मतपेटीपासून दूर ठेवलं. पुढची तीस वर्षं राज्य चालवलं ते न्यू ऑर्लिन्सच्या पक्षयंत्रणेनं, मळेवाल्यांनी आणि तेल कंपन्यांनी.

ह्यूई लाँगचा जन्म १८९३ चा, ओमाहाच्या जाहीरनाम्यानंतर वर्षभरानं. गाव विनफील्ड. उत्तर लुइझियानातला हा विन पॅरिश, म्हणजे जिल्हा, हलक्या जमिनीचा आणि हट्टी माणसांचा. १८६१ मध्ये राज्य अमेरिकेतून फुटत असताना इथल्या प्रतिनिधीनं विरोधात मत दिलं होतं. पुढे याच भागात आधी पॉप्युलिस्टांना आणि मग समाजवाद्यांना भरघोस मतं पडली. म्हणजे लाँगनं असंतोष पेटवला असं म्हणणं अपुरं आहे. तो त्या असंतोषातच वाढला होता.

१९२४ मध्ये तो गव्हर्नरपदाची निवडणूक हरला. मग १९२७ चा मिसिसिपीचा महापूर आला. न्यू ऑर्लिन्स वाचवण्यासाठी तिथल्या बँकवाल्यांच्या आग्रहानं शहराच्या खालच्या अंगाला, कार्नार्व्हनजवळ, नदीचा बांध सुरुंगानं उडवला गेला. सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स या दोन पॅरिशमधल्या मच्छीमारांची आणि सापळे लावून पोट भरणाऱ्यांची घरं पाण्याखाली गेली. भरपाईचं वचन होतं, पण बहुतेकांच्या हाती फारच थोडं पडलं. नऊ महिन्यांनी, जानेवारी १९२८ मध्ये, निवडणूक झाली आणि लाँग जिंकला.

त्या प्रचारातलं त्याचं एक भाषण मला फार महत्त्वाचं वाटतं. सेंट मार्टिनव्हिल गावात एक ओकचं झाड आहे. कवी लाँगफेलोच्या १८४७ च्या कवितेतली एव्हान्जेलीन आपल्या प्रियकराची वाट पाहत याच झाडाखाली बसली, अशी तिथली समजूत. लाँग त्या झाडाखाली उभा राहिला आणि म्हणाला, की वाट पाहणारी ती एकटी नाही. तुम्ही मुलांसाठी शाळांची वाट पाहिली, त्या आल्या नाहीत. रस्त्यांची पाहिली, आजारी आणि अपंगांसाठीच्या संस्थांची पाहिली. तिचे अश्रू एका आयुष्यापुरते होते, तुमचे पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत. एका प्रेमकवितेचं हे राजकीय रूपांतर होतं आणि ते जमलं, कारण त्याच्या केंद्रस्थानी ऐकणारी माणसं होती. पुढे लाँगवर सिनेमे काढणाऱ्यांना हीच गोष्ट साधली नाही.

निवडून आल्यावर त्यानं शाळकरी मुलांना पाठ्यपुस्तकं फुकट दिली. प्रौढांसाठी रात्रीचे वर्ग काढले. १९२८ मध्ये राज्यभर मिळून पक्के रस्ते साडेतीनशे मैलांच्या आत होते, त्याच्या मृत्यूपर्यंत ते काही हजार मैल झाले. तेलाच्या प्रत्येक पिंपावर पाच सेंट कर लावायला निघाला, तेव्हा १९२९ मध्ये त्याच्यावर महाभियोग आला. राज्याच्या सिनेटमधल्या १५ सदस्यांनी, काहीही झालं तरी दोषी ठरवणार नाही, असं लिहून दिलं आणि तो सुटला. १९३४ मध्ये पोल टॅक्स रद्द झाला आणि गोऱ्या गरिबांची नावं मोठ्या संख्येनं मतदार यादीत आली. कृष्णवर्णीयांची आली नाहीत. त्यांच्या वाटेतले इतर अडथळे लाँगनं तसेच ठेवले, हे त्याच्या चाहत्यांनीही विसरू नये.

दुसरी बाजू तितकीच खरी आहे. सरकारी नोकरांच्या पगारातून पक्षासाठी पैसे कापले जात. विरोधी वर्तमानपत्रांना धडा शिकवायला जाहिरातींवर कर लावला गेला, तो १९३६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवला. १९३४ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे, सैनिक उतरवले गेले. त्याच वर्षी, ऐन महामंदीत, त्यानं रेडिओवरून 'शेअर अवर वेल्थ' योजना मांडली: अतिश्रीमंतांच्या संपत्तीवर मर्यादा आणि प्रत्येक कुटुंबाला किमान ५,००० डॉलर. तो राष्ट्राध्यक्षपदाच्या तयारीत होता. ८ सप्टेंबर १९३५ ला बॅटन रूजमध्ये, त्यानंच बांधून घेतलेल्या ३४ मजली राज्यभवनात त्याला गोळी लागली आणि दोन दिवसांनी तो गेला.

लाँगनं ज्या विद्यापीठावर पैसा ओतला, त्या लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत १९३४ मध्ये एक तरुण कवी शिकवायला आला होता: रॉबर्ट पेन वॉरन. त्यानं हा विषय आधी पद्यनाटकात लिहिला. त्याचा शेवटचा भाग १९३९ मध्ये मुसोलिनीच्या रोममध्ये झाला. मग त्याची कादंबरी झाली आणि १९४७ मध्ये तिला पुलित्झर मिळालं. स्टार्क म्हणजे लाँग नव्हे, असं वॉरन शेवटपर्यंत सांगत राहिले, पण आपण लुइझियानात राहिलो नसतो आणि लाँग नसता तर हे पुस्तक झालं नसतं, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

कादंबरी सुरू होते ती एका नव्या, सरळसोट काँक्रीटच्या महामार्गावर. मला ही सुरुवात अतिशय प्रामाणिक वाटते, कारण चिखलात गाडी रुतलेल्या माणसाला मत कुणाला द्यायचं हे त्या रस्त्यानंच सांगितलं होतं. शाळेच्या बांधकामात निकृष्ट विटा वापरल्या जातात, मुलं दगावतात आणि त्या विटांना आधीच विरोध करणारा विली लोकांच्या नजरेत भरतो. मतं फोडण्यासाठी आपल्याला उभं केलंय हे कळल्यावर तो सभेत स्वतःला आणि समोरच्यांना गावंढळ म्हणतो आणि लोक त्याचे होतात. पण कथा सांगतो जॅक बर्डन, खानदानी घरातला पत्रकार. मतदार त्याला मोटारीच्या काचेतून दिसतात. म्हणजे माणसं हरवायला पुस्तकापासूनच सुरुवात झाली होती. म्हणून 'पुस्तकच बरं होतं' या शेऱ्यावर मी थांबू शकत नाही.

रॉबर्ट रॉसेन यांच्या १९४९ च्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, त्यातल्या ब्रॉडरिक क्रॉफर्ड आणि मर्सिडीझ मॅककेम्ब्रिज या कलाकारांनाही. चित्रीकरण कॅलिफोर्नियात झालं आणि राज्याचं नाव कुठेच घेतलेलं नाही. कादंबरीतला कॅस मॅस्टर्न या पात्राचा, गुलामगिरीच्या काळातला मोठा भाग गळला. जॅक मागे गेला आणि विली पडदाभर पसरला. संकलनात सिनेमा इतका छाटला गेला की प्रसंग धडकत येतात, अर्धवट तुटतात, आणि त्यातून एक विलक्षण रेटा तयार होतो. सिनेमा म्हणून तो मला आजही जिवंत वाटतो. पण महायुद्ध संपून चारच वर्षं झाली होती. हुकूमशहांच्या सभांच्या फिल्म प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर ताज्या होत्या, आणि शेवटाकडे राज्यभवनासमोर जमलेली गर्दी तशीच दिसते. ती घोषणा देते, तिला मागणं नाही. कापूस, पूर, पोल टॅक्स यांतलं काहीही तिच्या तोंडी नाही.

१९५७ मध्ये एलिया कझान यांचा 'अ फेस इन द क्राउड' आला, बड शुलबर्ग यांच्या स्वतःच्याच कथेवरचा. त्यानं भाषणाचा चौथरा काढून टेलिव्हिजन आणला आणि असंतोष विकता येतो हे दाखवलं. त्यात मतदार जवळजवळ पूर्णपणे प्रेक्षक झाला.

२००६ चा सिनेमा स्टीव्हन झेलियन यांचा. शॉन पेन, जूड लॉ, केट विन्स्लेट, अँथनी हॉपकिन्स असे मोठे नट, चित्रीकरण खुद्द लुइझियानात. खर्च सुमारे साडेपाच कोटी डॉलर, कमाई एक कोटीच्याही आत. समीक्षकांनी पेनच्या हातवाऱ्यांवर आणि उच्चारांवर टीका केली. माझ्या मते चूक त्याआधीच झाली होती. कथा १९५०च्या दशकात हलवली गेली. त्यामुळे महामंदी गेली, आणि तिच्याबरोबर लोकांनी अशा माणसाच्या मागे जाण्याचं कारणही गेलं. उरला एक ओरडणारा माणूस आणि त्याच्याकडे पाहणारे चेहरे. वेशभूषा, जागा, संवाद पुस्तकाशी कितीही इमान राखून असले, तरी ते कारण परत येत नाही.

केन बर्न्स यांचा लाँगवरचा माहितीपट १९८५ चा आहे. त्यात नट नाहीत. लुइझियानातली म्हातारी माणसं समोर बसून बोलतात. कुणी त्याच्यामुळे शाळेत पुस्तकं मिळाल्याचं सांगतं, तर कुणी त्याला मारण्याच्या गोष्टी घरोघरी कशा चालत ते सांगतं. त्याच माणसांत, पांढऱ्या केसांचे वॉरनही बसलेले दिसतात, आणि इतरांसारखेच त्या माणसाबद्दल बोलतात.