रुग्ण ‘नाही’ म्हणतोय, तरी दाखल करायचंय: कलम ८९ ची प्रक्रिया

प्रौढ मनोरुग्ण दाखल व्हायला तयार नसला की अनेक कुटुंबं अजूनही कोर्टाचा रस्ता धरतात. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या रिसेप्शन ऑर्डरची, म्हणजे रुग्णाला दाखल करण्याच्या कोर्टाच्या आदेशाची, ती आठवण. २९ मे २०१८ पासून मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ लागू आहे. त्याच्या कलम ८९ प्रमाणे अर्ज थेट मनोरुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे करायचा असतो, मग ते येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय असो की खासगी नर्सिंग होम. केवळ बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती मात्र या कायद्यात येत नाही. तिच्या पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो.

अर्ज करतो तो नामनिर्देशित प्रतिनिधी. रुग्णाने बरा असताना साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा दिला असेल, तर तेवढं पुरतं, स्टँपपेपर नको. असा कागद नसेल तर आगाऊ निर्देशात (आजारपणात कसे उपचार हवेत-नकोत हे रुग्णाने आधीच लिहून ठेवलेला कागद) नेमलेली व्यक्ती, मग नातेवाईक, मग काळजीवाहक असा क्रम लागतो. सोबत रुग्णाचं आणि प्रतिनिधीचं ओळखपत्र, जुने केसपेपर, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि असल्यास आगाऊ निर्देश घ्या. ओळखपत्र घरी राहिलं म्हणून रुग्णाला दारातून परत पाठवू नये.

खरं काम पुढे आहे. दाखल करण्याच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी रुग्णाला स्वतंत्रपणे तपासलेलं हवं: एक मानसोपचारतज्ज्ञ, दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी असलेल्या मानसिक आरोग्य परिचारिकेचा किंवा मानसोपचार क्षेत्रातल्या प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्याचा (सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर) अहवालही दुसरा म्हणून चालतो. स्वतःला इजा करण्याची धमकी किंवा प्रयत्न, इतरांवर हिंसा किंवा त्यांना वाटणारी भीती, स्वतःची काळजी घेता न येण्यातून होणारा धोका, यांपैकी काय आणि केव्हा घडलं ते दोघांनी लिहायचं. ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ हे कारण होत नाही. दुसरा अहवाल पहिल्याची नक्कल असेल, तर स्वतंत्र तपासणी झाली असं कोण मानेल?

रुग्णाची स्वतःच्या उपचारांबद्दल निर्णय घेण्याची क्षमताही पाहायची असते. ती तपासताना तीन प्रश्न: माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम कळतात का, निर्णय बोलून, खुणेनं किंवा अन्य मार्गानं सांगता येतो का. माहिती रुग्णाच्या बोलीत द्यायची. झोपेच्या इंजेक्शनच्या गुंगीत घेतलेली तपासणी गुंगीचं मोजमाप देते, क्षमतेचं नव्हे. ‘गोळी घेणार नाही’ हा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, म्हणून क्षमता नाही असंही ठरत नाही. कायद्यातच तसं म्हटलं आहे.

दाखल केल्यावर स्त्री रुग्णाची माहिती तीन दिवसांत, इतर प्रौढांची सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला (अशा दाखल करण्यांवर देखरेख ठेवणारं, या कायद्याखालचं मंडळ) कळवायची. उपचारांना संमती रुग्णाचीच, प्रतिनिधीच्या आधाराने. रुग्णाला जवळजवळ पूर्णच आधार लागत असेल तर प्रतिनिधी तात्पुरती संमती देऊ शकतो, पण ती केसपेपरवर नोंदवून दर सात दिवसांनी क्षमता पुन्हा तपासावी लागते. नेमकी हीच नोंद राहून जाते, कारण राउंडमध्ये औषधं बदलली जातात आणि क्षमतेचा रकाना कोरा राहतो. तो भरला आहे का, हे वॉर्डच्या सिस्टरने आठवड्याचा एक वार ठरवून पाहावं. दाखल करण्याविरुद्ध मंडळाकडे दाद मागता येते आणि त्यासाठी मोफत कायदेशीर मदत मिळते, हे रुग्णाला सांगणंही कर्मचाऱ्यांचंच काम.

कलम ८९ खाली दाखल ठेवण्याची मुदत ३० दिवस. त्याआधी क्षमता परत आली तर रुग्ण स्वेच्छेने राहू शकतो किंवा घरी जाऊ शकतो. पुढे ठेवायचंच असेल तर कलम ९०: दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी आणि मंडळाची परवानगी, पहिल्यांदा ९० दिवसांपर्यंत. ३० दिवस पूर्ण झाल्यावर घरी सोडून सात दिवसांच्या आत पुन्हा दाखल केलं, तरी कलम ९० च लागतं. कागदावर डिस्चार्ज दाखवून नवे ३० दिवस मिळत नाहीत.