दंतवैद्य, कायदा आणि केस पेपर: जबाबदारी कशी घडत गेली

भारतातल्या दंतवैद्यावरची कायदेशीर जबाबदारी ज्या निकालांनी ठरली, ते बहुतेक दातांचे नाहीतच. मांडीचं मोडलेलं हाड, रिकामा निघालेला ऑक्सिजन सिलिंडर, न विचारता काढलेलं गर्भाशय अशा प्रकरणांत तयार झालेले नियम नंतर दाताच्या खुर्चीपर्यंत आले. म्हणून त्यांचा क्रम माहीत असलेला बरा.

१९४८ साली दंतवैद्य अधिनियम झाला आणि पुढच्या वर्षी भारतीय दंत परिषद आली. राज्याची दंत परिषद गैरवर्तनासाठी नोंदवहीतून नाव काढू शकत होती, पण पेशंटला भरपाई देणं तिच्या हातात नव्हतं. त्यासाठी दिवाणी दावाच लावावा लागे. त्याच १९४८ मध्ये इंग्लंडात ‘फिश विरुद्ध कपूर’ या खटल्यात अक्कलदाढ काढताना मुळाचा तुकडा आत राहिला होता, जबडाही मोडला होता. तेवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असं न्यायालय म्हणालं. हे तत्त्व आजही कामाचं आहे. मूळ तुटणं किंवा रूट कॅनलमध्ये फाइल (कॅनल साफ करायचं सुईसारखं बारीक हत्यार) तुटणं ही ज्ञात गुंतागुंत आहे. अडचण होते ती पेशंटला न सांगता वर कॅप बसवल्यावर. फाइलचा नंबर, तुटलेल्या तुकड्याची अंदाजे लांबी, तो कोणत्या कॅनलमध्ये आहे, त्याच दिवशीचा एक्स-रे आणि ‘पेशंटला सांगितलं’ ही ओळ एवढं केस पेपरवर असलं तर बचाव उभा राहतो.

१९५७ च्या इंग्लंडातल्याच बोलम खटल्याने कसोटी दिली: त्याच विषयातल्या जबाबदार व्यावसायिकांच्या गटाला मान्य असलेली पद्धत वापरली होती का? आपल्याकडे १९६८ मध्ये ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा मोडलेल्या मांडीच्या हाडाचा पुण्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. केस हाती घ्यावी का, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्हींत काळजी घेण्याचं कर्तव्य डॉक्टरवर आहे, असं न्यायालयाने सांगितलं. पहिला मुद्दा लहान दवाखान्यांत हटकून विसरला जातो. खालच्या अक्कलदाढेची मुळं नसेच्या नलिकेला टेकलेली ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) दिसत असताना तोंडाच्या सर्जनकडे न पाठवता आपणच हात घालणं, ही चूक सुई टोचण्याआधीच झालेली असते. त्या खटल्यातली घटना १९५३ ची, भरपाई ३,००० रुपये आणि अंतिम निकाल पंधरा वर्षांनी. दिवाणी मार्गाला लोक का जात नसत, ते यावरूनच कळतं.

खरा फरक १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने पडला. डॉक्टरचा उपचार ‘सेवा’ आहे का, हा वाद १९९५ मध्ये ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालाने मिटला: पैसे घेऊन दिलेला उपचार कायद्यात येतो. दातांच्या उपचारात मृत्यू दुर्मिळ. तक्रारी असतात त्या कॅप, ब्रिज, बधिर राहिलेला ओठ आणि परत मागितलेले पैसे यांच्या. अशा तक्रारींना हा मार्ग नेमका बसला. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं, आणि सध्याच्या नियमांनुसार दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

न विचारता गर्भाशय काढल्याच्या २००८ च्या ‘समीरा कोहली’ निकालाने संमतीचा अर्थ बदलला. तपासणीसाठी घेतलेली संमती शस्त्रक्रियेला चालत नाही; पेशंट सज्ञान आणि सक्षम असेल तर बाहेर बसलेल्या आईची सहीही चालत नाही. त्या प्रकरणात पेशंट भुलीखाली होती. दाताच्या खुर्चीतला पेशंट मात्र बहुतेक वेळा जागा असतो, त्यामुळे ‘विचारायला वेळ नव्हता’ हे कारण दंतवैद्याला जवळपास मिळतच नाही. सिमेंट भरायला घेतलेल्या दातात कीड आतल्या नसेपर्यंत गेलेली दिसली, तर काम थांबवून सांगायचं, खर्च सांगायचा आणि पुन्हा सही घ्यायची. ‘सर्व उपचारांना माझी संमती आहे’ असा छापील कागद फारसा उपयोगी पडत नाही.

२०१० मध्ये ‘किशन राव’ निकालाने प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागत नाही, असं स्पष्ट केलं. चुकीचा दात काढला असेल तर कुठल्या तज्ज्ञाला विचारणार? या चुकीचं मूळ बऱ्याचदा दाताच्या क्रमांकात असतं. आपल्याकडच्या दोन आकडी पद्धतीत १६ म्हणजे वरची उजवी पहिली दाढ; अमेरिकन पद्धतीत १६ म्हणजे वरची डावी अक्कलदाढ. तिकडून आलेल्या पेशंटच्या चिठ्ठीवर नुसता ‘१६’ असला की फसगत ठरलेली. दात सरळ करायच्या तारांच्या उपचारासाठी निरोगी दात काढायला पाठवतानाही तेच: चिठ्ठीवर आकडा आणि शब्द दोन्ही लिहावेत, आणि चिमटा लावण्याआधी एक्स-रेची डावी-उजवी बाजू सहायकाने मोठ्याने वाचावी.

२०१४ च्या दंतवैद्यांच्या सुधारित आचारसंहितेत उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं नोंदी जपायला आणि मागितल्यास ७२ तासांत द्यायला सांगितलं आहे. ही तीन वर्षं फसवी आहेत. तारांचा उपचार दोन वर्षं चालला तर शेवटच्या भेटीनंतर हाती एकच वर्ष उरतं. शहाणा दवाखाना शेवटच्या भेटीपासून मोजतो, इम्प्लांटचं लॉट नंबरचं स्टिकर केस पेपरवरच चिकटवतो, आणि चुकलेल्या नोंदीवर व्हाइटनर न लावता एक रेघ मारून तारीख-सही करतो.

२०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यात ‘आरोग्यसेवा’ हा शब्द आला नाही म्हणून डॉक्टर सुटले, असा समज पसरला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शांता निकालाच्या फेरविचाराची गरज नसल्याचं म्हटलं. ग्राहक आयोगाची नोटीस आली की उत्तराला ३० दिवस, वाढवून मिळाले तर आणखी १५. त्यापुढे नाही, हे २०२० मध्ये घटनापीठाने पक्कं केलं. वकील शोधण्यातच महिना घालवणारे इथे अडकतात. विमा पॉलिसी असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवावं. तिला न विचारता चूक कबूल केली किंवा तडजोड केली, तर दावा नाकारला जाऊ शकतो. सहसा ज्या वर्षी दावा येतो त्या वर्षीची पॉलिसी लागू होते आणि मागच्या कामाचं संरक्षण ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह डेट’वर, म्हणजे ज्या तारखेपासूनची कामं पॉलिसीत धरली जातात तिच्यावर, टिकतं. नूतनीकरण चुकवलं की ती तारीख पुढे सरकते आणि आधीची सगळी कामं उघडी पडतात.

फौजदारी बाजूला रिकाम्या ऑक्सिजन सिलिंडरच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने कवच दिलं: निष्काळजीपणा घोर हवा, आणि कारवाईआधी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१) लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत. मात्र त्या कलमातल्या व्याख्येत राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ खालची पात्रता आणि नोंदणी धरली आहे. बीडीएस दंतवैद्याची नोंदणी असते दंतवैद्यांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली. शब्दशः वाचलं तर दोन वर्षांची ती सवलत त्याला लागू होत नाही.