दुखणं सोसायचं की मॉर्फिन घ्यायचं? एका भीतीची पार्श्वभूमी

नागपुरात मेडिकलच्या सर्जरी वॉर्डाबाहेर थोडा वेळ बसलं तरी एखाद्या आजीचं हे बोलणं कानावर पडतं: "त्या सुईनं अंगातली ताकद जाते म्हणतात. थोडं सोसू द्या ना तिला, डॉक्टरसाहेब." ती सुई म्हणजे अफूपासून बनणारं वेदनाशामक, मॉर्फिन. गडचिरोली, भंडारा, पलीकडे बालाघाट, छिंदवाड्याहून आलेली ही माणसं. खर्‍यामुळे (खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तोंडाचा कर्करोग झालेला, चाळिशी-पंचेचाळिशीतला माणूस ऑपरेशननंतर उशी घट्ट धरून पडून असतो आणि घरचे त्याला धीर देत असतात की अजून एक रात्र काढ, औषध जास्त झालं तर जखम भरायची नाही.

या भीतीला अडाणीपणा म्हणून बाजूला सारू नये. तिला शास्त्राचा आधार आहे, आणि तो १८९८ सालापासूनचा आहे. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉफ यांच्याकडे शिकणारा रोमानियाचा कांताकुझिनो गिनीपिगांवर पटकीच्या जंतूंचे प्रयोग करत होता. पांढर्‍या पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे मेचनिकॉफ यांचं म्हणणं त्याला तपासायचं होतं. या पेशींना थोडा वेळ सुस्त कसं करायचं? त्यानं अफू वापरली. अफू दिलेल्या प्राण्यांत पेशींचं काम मंदावलं आणि जंतूंपुढे ते प्राणी टिकेनासे झाले. म्हणजे मॉर्फिनच्या या अवगुणाचा पहिला पुरावा वेगळंच काही शोधताना हाती आला. पुढे १९११ साली अमेरिकेत एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी ईथरच्या भुलीचाही पेशींच्या या गिळण्यावर परिणाम होतो, हे मांडलं.

योगायोग असा की त्याच १८९८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बीअर यांनी मणक्यात कोकेनचं इंजेक्शन देऊन पायाचं ऑपरेशन केलं. आज आपण ज्याला 'कमरेतली भूल' म्हणतो ती तिथून सुरू झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध असू शकेल, हे कुणाच्या ध्यानात यायला बरीच दशकं जावी लागली.

मधली वर्षं यात फारसं काही घडलं नाही. १९७३ मध्ये मेंदूत अफूजन्य औषधांचे रिसेप्टर, म्हणजे ही औषधं पेशीवर जिथे चिकटतात त्या जागा, सापडले आणि १९७९ मध्ये वायब्रान व सहकार्‍यांनी माणसाच्या रक्तातल्या टी-पेशींवरही (या प्रतिकारशक्तीच्या पेशी) असेच रिसेप्टर असावेत, असं दाखवलं. मॉर्फिन या पेशींशी थेट बोलू शकतं, ही गोष्ट तेव्हा पटू लागली. शिवाय ते मेंदूमार्फत कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरकही वाढवतं आणि मज्जातंतूंमार्फत प्लीहेपर्यंत पोचतं. कर्करोगाच्या सुट्या पेशींना गाठून मारणार्‍या 'नॅचरल किलर' पेशी यात मंदावतात.

गोष्ट इथेच थांबली असती तर वॉर्डाबाहेरची ती आजी बरोबर ठरली असती. पण नुसत्या शस्त्रक्रियेनंही याच पेशी काही दिवस मंदावतात. मग दोष कुणाचा, औषधाचा की चिरफाडीचा? १९९३ मध्ये पेज, बेन-एलियाहू आणि त्यांच्या सहकार्‍यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मला या सगळ्या इतिहासात तो सर्वांत मोलाचा वाटतो. ऑपरेशननंतर उंदरांच्या फुप्फुसात कर्करोगाच्या पेशी जास्त रुजल्या, आणि मॉर्फिन दिल्यावर ते रुजणं कमी झालं. एरवी प्रतिकारशक्ती दाबणारं औषध इथे तिचं राखण करत होतं, कारण वेदना स्वतःच शरीराला जास्त खचवत होती.

त्यानंतर आशा वाढली ती ब्लॉकवर, म्हणजे नसेजवळ बधिर करण्यावर. मॉर्फिन कमी लागेल, वेदनाही थांबेल. २००६ मध्ये १२९ स्तनकर्करोग रुग्णांच्या जुन्या नोंदींतून ब्लॉक मिळालेल्यांत आजार कमी उलटल्याचं दिसलं. मोठी चाचणी व्हायला २०१९ उजाडलं: अनेक देशांतल्या २१०८ स्त्रिया, अर्ध्यांना ब्लॉक, अर्ध्यांना वायूची भूल व अफूजन्य औषध. आजार उलटण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण १० टक्केच. आपल्याकडच्या टाटा मेमोरियलच्या २०२३ मधल्या चाचणीत मात्र, चिरा देण्याआधी ७ ते १० मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं तेव्हा पाच वर्षं जगलेल्या स्त्रियांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. दात काढताना देतात तेच हे स्वस्त औषध. त्याचा परिणाम थेट गाठीतल्या पेशींवर होत असावा, अशी मांडणी आहे.

सगळी अफूजन्य औषधं सारखीही नाहीत. ऑपरेशननंतरच्या अभ्यासात ट्रॅमाडॉलनं किलर पेशींना मॉर्फिनइतकं दाबलं नाही.

आपल्याकडे या भीतीत कायद्याचीही भर पडली. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते, पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे तीच अफू मॉर्फिन होऊन रुग्णापर्यंत पोचणं अवघड झालं. २०१४ च्या दुरुस्तीनं वाट थोडी मोकळी केली. दरम्यान डॉक्टरांची एक पिढी मॉर्फिन लिहायला कचरतच मोठी झाली.

आणि पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. कफ छातीत साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. म्हणून त्या आजीला सांगायचं ते एवढंच: सोसायला लावू नका, भूल देणार्‍या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारा, "ब्लॉक देता येईल का, आणि नंतर दुखलं तर काय देणार?"