धनुष्कोडी रेल्वे स्थानक

तमिळनाडूतील रामेश्वर बेटाच्या आग्नेय टोकाकडे, दोन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या चिंचोळ्या वाळूपट्टीवरचे हे मीटरगेज स्थानक. डिसेंबर १९६४ पासून इथे गाडी आलेली नाही.

स्थानक झाले ते बोटीसाठी. पूर्वी सिलोनला जाणारे उतारू तुतिकोरिनपर्यंत रेल्वेने जाऊन तिथून कोलंबोची आगबोट धरत. १९१४ मध्ये पांबनचा समुद्रपूल खुला झाला आणि रूळ धनुष्कोडीला पोचले. मद्रासहून सुटलेली ‘बोट मेल’ इथे येई, आगबोट पलीकडे तलैमन्नारला नेई आणि तिथे कोलंबोची गाडी मिळे. या वर्दळीवरच गावात जकात कचेरी, टपाल आणि इस्पितळ आले. काशी-रामेश्वर करणाऱ्या यात्रेकरूंचे सेतुस्नानही धनुष्कोडीलाच. त्या काळी मुख्य मार्ग पांबन–धनुष्कोडी हा होता. रामेश्वर हा पांबनहून फुटणारा फाटा होता, हे आज सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री पांबनहून ६५३ क्रमांकाची पॅसेंजर सुटली. चक्रीवादळ किनाऱ्यावर येत होते. स्थानक जवळ आले तेव्हा सिग्नल बंद पडलेला होता. चालकाने शिटी दिली, थोडा वेळ थांबून गाडी पुढे काढली आणि समुद्राच्या लाटेने ती अख्खी गिळली. अधिकृत नोंद ११० उतारू आणि ५ रेल्वे कर्मचाऱ्यांची आहे. बिनतिकीट लोक धरता खरा आकडा मोठा असावा. कोणीही वाचले नाही. गावातली शेकडो माणसेही त्याच रात्री गेली. पुढे सरकारने धनुष्कोडी वस्तीला अयोग्य ठरवले.

पांबन पुलाचे १४५ पैकी १२६ गाळे वाहून गेले होते. ई. श्रीधरन (पुढे कोकण रेल्वे उभारणारे) यांच्या देखरेखीखाली तो ४६ दिवसांत पुन्हा सुरू झाला. धनुष्कोडीचे रूळ मात्र कोणी घातले नाहीत. स्थानक वादळाने पाडले खरे, पण ते कायमचे बंद पडण्याचे कारण तेवढेच नाही. बोट रामेश्वरहून सुटू लागली आणि तिच्यासाठीच बांधलेल्या स्थानकाचे प्रयोजन उरले नाही. ती बोटसेवाही श्रीलंकेतील यादवीमुळे १९८४ मध्ये थांबली.

मार्ग पुन्हा टाकण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०१९ मध्ये झाली. वाळूत आज स्थानकाच्या भिंतींचे अवशेष आणि पाण्याच्या टाकीचा सांगाडा दिसतो.